पळाला

मार्चमध्ये आमच्या भागातल्या बागायतदारांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर एक फोटो आला. तिशीतला माणूस, निळा टीशर्ट, खांद्यावर आंबे उतरवायचा झेला. खाली मजकूर: ‘हा इसम उचल घेऊन बायकोसह पळाला आहे. कोणीही कामाला ठेवू नये. दिसल्यास त्वरित कळवावे.’ त्याखाली सात-आठ अंगठे आणि एक शेरा, ‘यांना माज आलाय.’ फोटो टाकणारे माझे काका होते, आणि फोटोतला माणूस आमच्याच बागेतला राखणदार.

मी रत्नागिरीत नोकरी करतो. पावस गावाजवळची आंब्याची सव्वाशे कलमं काका बघतात आणि मी शनिवार-रविवारी जाऊन फुकटचे सल्ले देतो. पुढे जे लिहिणार आहे त्यात मी काठावर उभा नाही, हे आधीच सांगून टाकतो.

मी अडलो तो एका शब्दाशी. माझ्या ऑफिसातला एक मुलगा गेल्याच महिन्यात तीन दिवस आधी सांगून पुण्याला गेला. तो ‘सोडून गेला’. बँकेतला माणूस राजीनामा देतो, मास्तर बदली करून घेतात. खलाशी, राखणदार, वीटभट्टीवरचा कातकरी मात्र पळतो. एरवी आपण ‘पळाला’ म्हणतो ते कैद्याला, चोराला, नाहीतर दावं तोडलेल्या ढोराला. काम सोडणाऱ्या माणसाला हा शब्द चिकटतो, तेव्हा त्याला जायचा हक्कच नव्हता असं बोलणाऱ्यानं मनात धरलेलं असतं. अमेरिकेत गुलामगिरी कायदेशीर होती त्या काळी तिथल्या वर्तमानपत्रांत पळालेल्या गुलामांच्या जाहिराती छापून येत. वय, अंगावरचे कपडे, ओळखीच्या खुणा, आणि धरून देणाऱ्याला इनाम. आमच्या ग्रुपवर इनाम नव्हतं.

मी जरा ताणतोय असं वाटेल. मलाही वाटलं. शिवाय गुलामगिरी हा शब्द कुठेही चिकटवायची आपल्याला खोड आहे. हप्त्यांचे गुलाम, मोबाइलचे गुलाम, इंग्रजीचे गुलाम. घराचा हप्ता भरणारा माझ्यासारखा कारकून स्वतःला गुलाम म्हणवून घेतो तेव्हा त्याला थोडी सहानुभूती हवी असते, एवढंच. या सवयीनं नुकसान असं झालं की खरा प्रकार समोर आला तरी लोक म्हणतात, ‘अहो, आपण सगळेच कुणाचे ना कुणाचे गुलाम.’ नाही हो, सगळे नाही. मी एक साधी कसोटी लावतो. हंगामाच्या मध्यावर, आज दुपारी, पिशवी उचलून तो माणूस निघू शकतो का? आणि निघालाच, तर त्याच्यामागे काय लागतं?

फोटो आला त्या शनिवारी मी काकांकडून वही मागून घेतली. शंभर पानी, पुठ्ठ्यावर गणपती. आत ‘बहादूर २’ या नावाचं पान. बहादूर १ दोन वर्षांपूर्वीचा. नोव्हेंबर २०२४ ते मे २०२५ असा सात महिन्यांचा सौदा, महिना ११,००० प्रमाणे ७७,००० रुपये. तो मार्चमध्ये गेला म्हणून काकांचं म्हणणं की तो बुडवून गेला, आणि त्या तारखेचा हिशेब धरला तर ते खरंच आहे. पण मी वेगळंच गणित मांडून पाहिलं. तो मेअखेरपर्यंत राहिला असता तर? उचल, म्हणजे आगाऊ घेतलेले पैसे, ४०,०००. दर महिन्याला गावी पाठवायला ५,००० प्रमाणे ३५,०००. झाले ७५,०००. तांदूळ, तेल, रिचार्ज, बायकोचा दवाखाना मिळून फेब्रुवारीपर्यंतच ९,३०० लिहिलेले होते. ते धरून ८४,३००. म्हणजे सात महिने रात्रंदिवस बाग राखून, पुढे तीन महिने किराणा आणि रिचार्ज न घेता, मीठभात खाऊनसुद्धा, तो आमचे ७,३०० रुपये देणं लागला असता. ते फेडायला पुढच्या दसऱ्याला परत यावं लागलं असतं, आणि येताना नवी उचल घ्यावीच लागली असती.

त्यातला दवाखाना मला आठवतो. जानेवारीत रात्री दोन वाजता काकांनी स्वतः गाडी काढून तिला रत्नागिरीला नेलं, पहाटेपर्यंत बाहेरच्या बाकावर बसून राहिले. बिल वहीत चढलं, गाडीचं डिझेल चढलं नाही. काका वाईट माणूस नाहीत. हे मी नात्याखातर लिहीत नाही. या सगळ्या प्रकारात वाईट माणूस शोधायला गेलं की मुद्दाच हातातून निसटतो.

आणखी एक गोष्ट वहीत दिसली, खरं तर दिसली नाही. बायकोचं नाव. ती दिवसा माकडं हाकायची, पातेरा, म्हणजे गळलेली पानं, गोळा करायची, फवारणीला पाणी चढवायची, काढणीला खाली उभी राहून आंबा वेचायची. ११,००० रुपये दोघांचे होते. दिवसाला ३६६, माणशी १८३. त्याच वर्षी महाराष्ट्रात रोजगार हमीच्या कामाचा दर २९७ रुपये होता.

१९८२ साली दिल्लीतल्या एशियाड खेळांच्या बांधकामांवरच्या मजुरांचं प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं होतं. न्यायमूर्ती भगवतींनी तेव्हा स्पष्ट सांगितलं की किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवून घेणं हीच सक्तीची मजुरी, आणि ती राज्यघटनेच्या कलम २३च्या विरुद्ध आहे. सक्ती म्हणजे हातात काठीच हवी असं नाही, भुकेपोटी दुसरा पर्याय नसणं हीसुद्धा सक्तीच. त्याआधी १९७६ साली वेठबिगार पद्धत निर्मूलन कायदा आला. त्यातली व्याख्या आमच्या ग्रुपवरच्या कुणीही एकदा वाचावी. आगाऊ पैसे घेतल्याच्या बदल्यात माणूस राबायला बांधला गेला, किंवा दुसरीकडे काम धरण्याची, हवं तिथे जाण्याची मोकळीक गमावून बसला, तर ती वेठबिगारी. असं कर्ज कायद्यानं तिथल्या तिथे रद्द होतं. आणि हे वेठीचं कर्ज नाही असं सिद्ध करायची जबाबदारी पैसे देणाऱ्यावर असते.

म्हणजे ‘उचल घेऊन पळाला’ असं लिहून सगळ्यांना सावध करणं हा, या कायद्याच्या डोळ्यांनी पाहिलं तर, जवळजवळ कबुलीजबाब झाला.

काकांना हे सांगितलं तेव्हा ते हसले. ‘अरे, पैसे काय मी त्याच्या खिशात कोंबले? त्यानेच मागितले. घराला पत्रे घालायचे होते त्याला. बँक देणार होती? तू देणार होतास?’ या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. रत्नागिरीच्या मिरकरवाडा बंदरात जेट्टीवर जाऊन विचारलंत तर नौकामालक हेच सांगतील, आणि जास्त चिडून सांगतील. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. ऑगस्टला नौका पाण्यात लोटायची तर त्याआधीच तांडेल, म्हणजे नौका चालवणारा म्होरक्या, आणि खलाशी पक्के करावे लागतात, आणि पक्के करायचे म्हणजे उचल. खलाशी एकाच हंगामासाठी दोन मालकांकडून पैसे घेतो आणि तिसऱ्याच बंदरात चढतो, असं होतं. नौका जेट्टीला बांधलेली, बँकेचा हप्ता चालू, डिझेल भरलेलं आणि माणसं गायब. फसवणारा खलाशी असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. फसवणूक झाली तर दिवाणी दावा लावा, वसुली करा. माझा घरमालक माझी अनामत बुडवतो तेव्हा मी तेच करतो. त्याचा फोटो चारचौघांत फिरवून ‘याला कुठेही राहू देऊ नका’ म्हणत नाही.

आता थोडं आमच्याच जखमेवर बोट ठेवतो. बागायतदार उचल घेत नाहीत का? अहो, आमचं सगळं चालतंच त्यावर. खतं, औषधं, फवारणी, यासाठी वाशीच्या बाजारातल्या दलालाकडून पावसाळ्यातच पैसे आणायचे. मग पेटी त्यालाच घालायची, भाव तो सांगेल तो, विक्रीच्या हिशेबाची पट्टी तो पाठवेल तेव्हा. दरवर्षी मे महिन्यात चार बागायतदार जमले की हा विषय निघतो आणि कुणीतरी म्हणतोच, ‘आम्ही दलालांचे गुलाम झालोय.’ गंमत अशी की १९७६च्या कायद्याच्या व्याख्येत आपला माल बाजारभावाने विकण्याचा हक्क गमावणं हाही एक प्रकार आहे. (हुरळून जाऊ नका, वकील त्याला शंभर फाटे फोडतील.) बंदरावरही तेच. मासळीचा व्यापारी नौकामालकाला पैसे देतो आणि मासळी त्यालाच टाकावी लागते. मालक तांडेलाला देतो, तांडेल खलाशांना वाटतो.

ही उतरंड नीट पाहिली की फरक कळतो. पैसे एकच, वरून खाली झिरपत येतात. दलालाकडे आमचा आंबा गहाण असतो. व्यापाऱ्याकडे मासळी गहाण असते. अगदी तळाशी ज्याच्याकडे ना कलम, ना नौका, ना सातबारा, तो काय गहाण टाकणार? तो स्वतःच गहाण पडतो. दलालाशी बिनसलं तर मी पुढच्या वर्षी पेटी पुण्याला घालू शकतो. शिव्या खाईन, कर्ज मानगुटीवर राहील, पण मला कुणी मांगरात, बागेतल्या खोपटात, थांबवून ठेवणार नाही. खलाशानं कुठे जायचं? भर समुद्रात आठ-आठ दिवस असलेल्या ट्रॉलरवरून राजीनामा देता येत नाही.

त्यातून नेपाळी असेल तर विचारायलाच नको. १९५०च्या भारत-नेपाळ करारामुळे त्याला इथे यायला व्हिसा लागत नाही, ही त्याची सोय. तो आला, कुठल्या बागेत राहिला, कधी गेला, याची नोंद कुठे होत नाही, ही मालकाची सोय. आमचा बहादूर २ पश्चिम तराईतल्या कैलालीचा. एकदा मांगराच्या पायरीवर चहा पिताना त्यानं मला एक शब्द शिकवला होता, कमैया. सावकाराच्या कर्जापायी पिढ्यान् पिढ्या त्याच्या शेतावर राबणारा माणूस. त्याचा आजा कमैया होता. नेपाळनं ही पद्धत २००० साली बंद केली. ‘तेव्हा लोकांना सोडलं, पण जमीन नाही दिली,’ तो म्हणाला, आणि बिडी विझवून बॅटरी घेऊन वरच्या कुंपणाकडे गेला.

कोकणाला हा शब्द नवा असला तरी गोष्ट नवी नाही. पेशवाईच्या दफ्तरांत कुणबिणींच्या, म्हणजे गुलाम बायकांच्या, खरेदी-विक्रीच्या नोंदी सापडतात. खोत म्हणजे गावाचा सारा वसूल करणारा वतनदार; त्याच्या खोतीत कुळाला फाळा देऊन वर खोताच्या शेतावर आठवेठ करावी लागे, आठ दिवसांतला एक दिवस फुकट. अलिबागजवळच्या चरीच्या शेतकऱ्यांनी नारायण नागू पाटलांच्या मागे उभं राहून १९३३ ते १९३९ असा सहा वर्षं संप केला, जमिनी ओसाड ठेवल्या, करवंदं विकून, लाकूडफाटा विकून दिवस काढले, पण नांगर धरला नाही. बाबासाहेबांनी १९३७ला मुंबई कायदेमंडळात खोतीविरोधी बिल आणलं, आणि १९४९ला खोती कायद्यानं गेली. वर उत्तरेला तलासरी-उंबरगावकडे वारल्यांमध्ये लग्नगडी असत. लग्नासाठी सावकाराकडून चार पैसे घेतले की नवरा-बायको दोघंही त्याचे गडी, फिटेपर्यंत. आणि फिटलं की नाही ते सावकार ठरवणार. १९४५ला गोदावरी आणि शामराव परुळेकरांच्या किसान सभेखाली वारली उठले तेव्हा पहिली मागणी वेठ आणि लग्नगडी बंद करण्याची होती.

लग्नगडी हा शब्द गेला. त्यातलं ‘दोघंही’ मात्र राहिलं. आमच्या वहीत बाईचं नाव नसणं हे त्याच्याच पोटातून आलंय, असं मला वाटतं.

रायगडात हे सगळ्यात उघड दिसतं. पेण, कर्जत, सुधागड, रोहा या भागातल्या कातकरी वाड्या दिवाळीनंतर ओस पडू लागतात. कात काढण्यावरून ज्या जमातीला नाव पडलं, तिचं जंगल गेलं आणि वीटभट्टी आणि कोळसाभट्टी आली. भट्टीवर मजूर मोजत नाहीत, जोडी मोजतात. पावसाळ्यात घरात दाणा नसताना, गणपतीला, लग्नाला, आजारपणाला शेठकडून उचल घेतलेली असते. मग हंगामभर आठवड्याची खर्ची, तेवढ्यावर पोटं भरायची, आणि विटांचा हिशेब हजारावर, तोही शेवटी, पाऊस तोंडावर आल्यावर. काही वर्षांपूर्वी एका मित्राबरोबर पेण तालुक्यातल्या एका भट्टीवर गेलो होतो. एक बाई चिखलाचा गोळा साच्यात आपटत होती. आपटायची, काठीनं वरचा चिखल सपाट करायची, साचा उचलायची, की पुढची वीट. शेजारी पाच-सहा वर्षांचा मुलगा ओल्या विटा वाळूवर उलट्या करत होता. तिला विचारलं, यंदा किती विटा पाडल्या? ती म्हणाली, ‘शेटला ठावं.’ उचल किती होती? ‘शेटला ठावं.’ तिनं हे कुरकुरत नाही सांगितलं. आपला वाढदिवस विचारल्यावर आपण आईकडे बोट दाखवावं तसं सांगितलं. मला आजवर कुणी गुलामगिरीची व्याख्या विचारली तर मी ही दोन उत्तरं सांगतो.

सरकार काही करत नाही, असं म्हणणं सोपं आहे. यंत्रणा कागदावर चांगली आहे, हे मला जास्त टोचतं. वेठबिगार सापडला की प्रांताधिकाऱ्यांनी चौकशी करायची, मुक्तीचा दाखला द्यायचा, जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समिती असायची. केंद्राच्या २०१६च्या योजनेप्रमाणे पुनर्वसनाला पुरुषाला १ लाख, बायका-मुलांना २ लाख, अगदी भयंकर प्रकरणात ३ लाख रुपये. गुन्हा सिद्ध झाला तर मालकाला तीन वर्षांपर्यंत कैद आणि दंड जास्तीत जास्त २,००० रुपये, म्हणजे पाच डझनांच्या एका चांगल्या पेटीएवढाही नाही. पण सगळी गाडी अडते ती पहिल्याच पायरीवर. कुणीतरी ‘हा वेठबिगार आहे’ असं लिहून द्यावं लागतं. ते लिहिलं की जिल्ह्यात वेठबिगारी आहे असं होतं, आणि आपल्या जिल्ह्यात ती आहे असं कुठल्या साहेबाला आवडेल? मग ‘मालक-मजूर यांच्यातील आर्थिक वाद’ असा शेरा पडतो आणि पोलीस ठाण्यात समेट होतो. कायदा होऊन सहा वर्षं उलटल्यावरही वसईसारख्या मुंबईला चिकटलेल्या तालुक्यात विवेक आणि विद्युल्लता पंडितांच्या श्रमजीवी संघटनेला वेठबिगार सोडवायला रस्त्यावर उतरावं लागलं, ते काही उगाच नाही.

आपली मुलं बाहेर अडकतात तेव्हा मात्र आपल्याला सगळं लगेच कळतं. राजापूर-दापोली-मंडणगडच्या गावांत विचारा. आखातात गेल्यावर मालकानं पासपोर्ट काढून घेतला, एजंटानं सांगितलेलं काम वेगळंच निघालं, नाहीतर बोटीवर चढवलं आणि कंपनीनं बोट परक्या बंदरात सोडून दिली. असं काही झालं की आमदार-खासदारांना निवेदनं जातात, आणि जायलाच हवीत. कागदपत्रं काढून घेणं ही आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं सांगितलेल्या सक्तीच्या मजुरीच्या ११ खुणांपैकी एक. कर्जात अडकवणं ही दुसरी. दुबईतला अरब हे करतो तेव्हा तो राक्षस असतो.

आमच्या घरातल्या कपाटात, लाईट बिलांच्या फायलीखाली, बहादूर २चं नागरिकतेचं कार्ड होतं. ‘हरवू नये म्हणून’ काकांनी ठेवायला घेतलेलं. नेपाळीही आपल्याच लिपीत लिहितात, त्यामुळे सगळं वाचता येत होतं. त्याचं खरं नाव, बापाचं नाव, बायकोचं नाव, जिल्हा, वॉर्ड नंबर. चार-पाच महिने ते आमच्या घरात होतं आणि आम्ही त्याला बहादूरच म्हणत होतो. पळताना तो ते मागायलाही आला नाही. मागायला आला असता तर ते पळणं झालं नसतं, आणि जाऊ दिलं असतं की नाही, ते मी सांगू शकत नाही. कार्ड मी रजिस्टर पोस्टानं त्या पत्त्यावर पाठवलं. पोचलं की नाही ठाऊक नाही. त्याचा नंबर लागत नाही.

उचल बंद करा, असं मी म्हणत नाही. पावसाळ्यात ज्याच्या घरात चूल पेटत नाही त्याला हे सांगायचा मला अधिकार नाही. उचल पगाराची असावी, माणसाची नसावी. कमाईतून दर महिन्याला ठरलेली थोडी रक्कम कापावी. हिशेब दर महिन्याला त्याच्या हातात लिहून द्यावा. मध्येच गेला तर उरलेले पैसे हे साधं देणं समजावं आणि त्यापायी त्याची वाट अडवू नये. पगार किमान वेतनाच्या खाली नसावा, आणि दोन माणसं राबत असतील तर दोन पगार असावेत. यानं आंब्याचा खर्च वाढेल का? वाढेल. आत्ता तो खर्च कुणाच्या तरी अंगावर पडतोच आहे, फक्त तो पेटीच्या हिशेबात दिसत नाही.

या दसऱ्याला बागेत नवं जोडपं आलं. उचल ५०,०००, ऑनलाइन पाठवली. काकांनी नवी वही काढली, ‘बहादूर ३’ लिहिणार तेवढ्यात मी पेन घेतलं आणि दोघांना विचारून दोघांची नावं लिहिली, एकाखाली एक. काकांनी चष्मा वर करून पान बघितलं.

‘नाव घातलंस ते बरं केलंस,’ ते म्हणाले. ‘आता तिच्या नावापुढे आकडा काय घालू, ते सांग.’